टाकीतली गाय

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात. आम्ही त्यावरून प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवून बघतो, मग मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून ते उकळत्या पाण्यात पक्कं करतो, आणि शेवटी घासून चकचकीत करतो. ते शेवटचं काम माझं, म्हणून लॅबमध्ये सगळे मला घाशा म्हणतात. मेणात दात बसवायचं काम ताईंचं. त्यांचा हात इतका बसलेला की वरचा दात खालच्यावर टेकला की ‘टक्’ असा आवाज यायचा आणि त्या न बघताच म्हणायच्या, “बसला.”

ताईंनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे कुणी विचारलं तर म्हणायच्या, “कवळ्या बसवता बसवता माझेच दात पडायची वेळ आली, आता कुठे!” आणि विषय मिटवून टाकायच्या. दोन खोल्यांच्या घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, असे दोघंच राहायचे. भावाला सगळेच दादा म्हणायचे. वहिनी ऐन तारुण्यात गेलेली, मूलबाळ नाही. दादांनी जन्मभर बेकरीत भट्टीवर काम केलं. माणूस दांडगा, आवाज त्याहून दांडगा. भट्टीपाशी उभं राहून हाक मारली तर रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघायचा. आणि खाणं तर विचारू नका. भट्टीतून निघालेल्या पावाची कडेची लाल पापडी ते तिथेच उभ्या उभ्या मोडून खायचे, फुंकरही न मारता.

त्या माणसाच्या घशात गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, मग किरणांचा शेक झाला. गाठ गेली. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं टळलं. पण त्या सगळ्यात गिळायची ताकद गेली. तोंडात घातलेला पाण्याचा घोटसुद्धा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरायचा आणि दादा खोकून खोकून निळे पडायचे. म्हणून पोटाला भोक पाडून नळी बसवली. ताई सकाळी कामावर निघण्याआधी, दुपारी घरी येऊन आणि संध्याकाळी पुन्हा, अशा तीन वेळा मोठ्या सिरिंजने पातळ केलेलं अन्न त्या नळीतून सोडायच्या. लॅब आणि घर यांच्यात चार गल्ल्यांचं अंतर, त्यामुळे दुपारचं जमायचं. दादांचा आवाजही गेला होता. उरली होती ती घासल्यासारखी कुजबुज, समोर बसलं तरच ऐकू येणारी.

मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचो. एकदा बोलून गेलो, “दादा, अशी नळीतून पोट भरल्यावर भूक लागते का हो?”

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “भूक नाही लागत. खावंसं वाटतं.”

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

ताई स्वतः स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानेच जेवायच्या, दार लोटून. फोडणी द्यायचं त्यांनी कधीच बंद केलं होतं, कारण वास बाहेरच्या खोलीत जातो. वर्षभरात त्या निम्म्या झाल्या.

मासा आला तो बेकरीच्या मालकांकडून. दादांना बघायला ते आले तेव्हा बिस्किटांच्या काचेच्या बरणीत पाणी आणि पाण्यात तो, असं घेऊनच आले. पैशाच्या गल्ल्याजवळ ठेवलेला असायचा म्हणे, पण आता दुकानाचं काम काढलं होतं. बोटाएवढा मासा, रंग गडद निळा, पर आणि शेपूट लाल, आणि ती शेपूट अंगापेक्षा मोठी, ओल्या रुमालासारखी लोंबणारी.

“फायटर आहे,” मालक म्हणाले. “बेटा जातीचा.”

“कुणाचा?” दादांनी विचारलं.

मालकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. ऑपरेशननंतरचा दादांचा तो पहिला विनोद. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ताईंनी तो आम्हाला सांगितला, सांगताना हसल्या, आणि मेणाची सुरी उचलून पुन्हा दात बसवायला लागल्या. माशाचं नाव अर्थातच बेट्या पडलं.

बेट्या आल्यापासून दादांना उठायला कारण मिळालं. खुर्ची बरणीजवळ सरकली. ते काचेला बोट लावायचे, बेट्या कल्ले फुलवून बोटावर चाल करून यायचा. ते वरून एक दाणा टाकायचे, तो झेप घेऊन गट्ट करायचा आणि पुन्हा वर बघत थांबायचा.

“कसा बघतोय बघ,” दादा म्हणायचे. “जन्माचा उपाशी असल्यासारखा.” आणि आणखी एक दाणा टाकायचे.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. ताई कामावर, घरात दुसरं कोणी नाही, समोर एक जीव तोंड वासून उभा. ज्याने आयुष्यभर लोकांना खाऊ घातलं तो माणूस हात आखडता कसा घेणार? थोड्याच दिवसांत बेट्याचं पोट टम्म फुगलं. तो एका कुशीवर कलून पोहायला लागला. न खाल्लेले दाणे तळाशी कुजून पाणी दुधाळ झालं.

ताई अ‍ॅक्वेरियमवाल्याकडे गेल्या. त्यांच्या रस्त्याच्या टोकाला त्याचं अरुंद दुकान होतं, भिंतभर टाक्या आणि मध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी वाट. तो म्हणाला, “ताई, याचं पोट याच्या डोळ्याएवढं असतं. दोन-तीन दाणे दिले की झालं याचं जेवण. भूक असो-नसो, समोर आलेलं तो खाणारच. ती जातच तशी.”

“मला कळलं हो. पण भावाला कसं सांगू?”

त्याला दादांची हकीकत ठाऊक होती. जरा विचार करून त्याने एक छोटी टाकी काढली, तिच्यात एक पाणवनस्पती लावून दिली आणि वर एक गोगलगाय दिली. पिवळीधमक, लिंबाएवढी, डोक्यावर दोन लांबलचक मिशा. “खाली पडेल ते सगळं ही साफ करते. बरणीपेक्षा टाकी मोठी, पाणी लवकर खराब होणार नाही. माशाला चार दिवस उपास घाला, पोट उतरेल.”

तेव्हा त्याचं बोलणं पटण्यासारखंच होतं. पोट उतरलंही. ताईंनी मग दाण्यांची डबी आपल्या पिशवीत टाकून लॅबमध्ये आणायला सुरुवात केली. निघताना दादांच्या हातावर मोजके दाणे ठेवायच्या, तेवढेच दिवसभरासाठी. दादा तळहातावरचे दाणे बघून एवढंच म्हणाले, “माझ्यासारखंच केलंस त्याचं. मापून.”

ताईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि चपला घातल्या.

पण दादांचं मन आता गोगलगायीवर बसलं होतं. ती काचेवर चढली की तिचं तोंड समोरून दिसायचं. इवलंसं, सारखं उघडझाप करणारं, काचेवरचं शेवाळ खरवडून आत घेणारं. दादा नाक काचेला टेकवून बघत बसायचे. “गाय चरायला निघाली,” असं म्हणायचे. मला एकदा हाताला धरून जवळ बसवलं. “बघ. घशातून उतरताना दिसतं. बघ ना नीट.” मला खरं तर काही दिसलं नाही. मी म्हटलं, “हो, दिसतंय.”

अडचण साधी होती, पण ती लक्षात यायला वेळ लागला. दाणे मोजके झाले तसं तळाशी काही पडेनासं झालं. टाकी नवी, शेवाळ ते कितीसं, गायीने ते लवकरच संपवलं. मग ती बारीक व्हायला लागली. गोगलगाय बारीक झालेली बाहेरून कळत नाही. ती शंखात खोल जाते, मिशा आखूड दिसायला लागतात, आणि शंखाच्या काठाला पांढरट, ठिसूळ पट्टा येतो. हे दादांनी पाहिलं. ताई दुपारी घरी आल्या तेव्हा नळीचं झाकण उघडू न देता ते म्हणाले, “आधी तिचं बघ. गाय उपाशी आहे.”

अ‍ॅक्वेरियमवाल्याने बुडणाऱ्या चकत्या दिल्या. एक चकती तळाशी टाकायची, गाय वासाने शोधत येते. ती आलीही. मिशा हलवत, वाळूवरून सरकत. अर्ध्या वाटेत असताना बेट्या वरून सुरीसारखा खाली आला आणि भिजून मऊ झालेल्या चकतीवर तुटून पडला. गाय पोचेपर्यंत तिथे भुगा उरला होता. ती त्या भुग्यावर बसली तर त्याने तिच्या मिशीचा टोकाकडून लचका तोडला. त्याला ती मिशी अळीसारखी दिसत असणार. गाय एका झटक्यात शंखात गेली आणि तिने शंखाच्या तोंडाचं झाकण लावून घेतलं.

तिथून पुढे ताईंच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. लॅबमध्ये दात बसवताना मध्येच मान वर करून विचारायच्या, “घाशा, आधी वर दाणा टाकला आणि तो खाण्यात गुंतलेला असताना मागच्या बाजूने चकती सोडली तर?” दुसऱ्या दिवशी येऊन सांगायच्या, “दाणा गट्ट करून साहेब चकतीपाशी हजर. त्याला घड्याळ कळतं.” बेट्याचं पोट पुन्हा फुगलं. त्याला उपास घातला तर उपाशी बेट्या दिवसभर गायीच्या मिशांवर टपून राहिला. त्याचं पोट भरेल इतकं द्यावं तर तो मरेल, देऊ नये तर तो तिला कुरतडेल. काकडीचा उकडलेला काप टाकून पाहिला. काकडीला बेट्या तोंड लावत नव्हता, पण तिच्याजवळ राखण करत फिरायचा आणि गायीने झाकण किलकिलं केलं की धावून यायचा. काप तसाच कुजला. गाजर झालं, पालकाचं पान झालं. टाकीतून कुजलेल्या भाजीचा वास यायला लागला आणि ताईंचा सगळा रविवार पाणी बदलण्यात जायला लागला.

मी एकदा शहाणपणा दाखवला. “ताई, आपल्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची एक वाटी करू. पालथी घालायची, आत चकती, एका बाजूला गायीपुरतं दार.”

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “जिथून लिंबाएवढी गाय आत जाईल तिथून बोटाएवढा बेट्या आधी जाईल ना रे!”

लॅबमध्ये हशा पिकला. त्याही हसल्या. पण मग त्या प्लास्टरच्या साच्याकडे बघत हळूच म्हणाल्या, “दोन जीव. दोघांना एका वेळी पुरेसं मिळावं, एवढंच मागतेय मी. तेही जमू नये?”

शंख ठिसूळ झालाय तर त्याला चुना हवा, असं कुणीतरी सांगितलं. आमच्याकडे प्लास्टरची काय कमी! ताईंनी वाळलेल्या प्लास्टरचा एक तुकडा नेऊन टाकीत ठेवला. गाय त्यावर जाऊन बसली, दोन दिवस बसली, खरवडल्यासारखंही वाटलं. दादांनी मला निरोप धाडला की गाय दगड खातेय, बघायला ये. मी गेलो तेव्हा ती खाली उतरून पुन्हा झाकण लावून बसली होती. पांढरा पट्टा होता तसाच होता.

याच दिवसांत दादांच्या गिळण्याची तपासणी झाली. त्याआधी कित्येक महिने एक बाई येऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेत होत्या. मान खाली घालून गिळा, जीभ टाळूला दाबा, असे. दादा शाळकरी मुलासारखे मन लावून करायचे. त्यांना आशा होती. मोठी नव्हती, दुधात भिजवलेल्या पावाच्या एका तुकड्याएवढीच होती. दवाखान्यात त्यांना एक घट्टसर पांढरं द्रावण चमचाभर दिलं आणि ते घशातून कसं जातं हे यंत्रावर पाहिलं. मी सोबत गेलो होतो, कारण दादांना जिना उतरवायला दोघं लागायचे. पडद्यावर ते द्रावण काळ्या रेघेसारखं खाली उतरताना आम्हाला दिसलं, आणि मग ते भलत्याच वाटेने वळलं. दादांना खोकल्याची उबळ आली.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. खुर्ची दादांच्या समोर ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “काका, तोंडाने खायचा प्रयत्न आता करायचा नाही. फुप्फुसात जाईल. नळीच ठेवायची.”

“किती दिवस?” ताईंनी विचारलं.

बाई किंचित पुढे झुकल्या. त्यांनी दादांच्या मनगटावर हात ठेवला. दादांनी मान हलवली, जणू बाईंनाच धीर द्यायचा होता.

रिक्षा करून परतलो. घरी आल्यावर दादा सरळ टाकीपाशी गेले. गाय कोपऱ्यात, झाकण बंद. बेट्या मधोमध, शेपूट पसरून. दादा उभ्याउभ्याच म्हणाले, “त्याला काढ तिथून. नाहीतर तिला काढ. असं बघवत नाही मला.”

ताईंनी दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये बसून अ‍ॅक्रिलिकची पातळ पट्टी कापली, तिला मी भोकं पाडून कडा घासून दिल्या. टाकीच्या मधोमध ती उभी केली. एका बाजूला बेट्या, दुसऱ्या बाजूला गाय, पाणी दोघांचं एकच. आम्ही इतके खूश झालो की लॅबमध्ये त्यावर चहा झाला. गायीने पहिल्यांदाच चकती पुरी खाल्ली. दादांनी ती पूर्ण वेळ बघितली म्हणे, जागचे हलले नाहीत. चारच दिवसांत गायीच्या अंगात त्राण आलं, आणि त्राण आल्याबरोबर ती पट्टीवर चढली, पाण्याबाहेर निघाली, कड ओलांडली आणि बेट्याच्या बाजूला धप्पकन पडली. मिशीचा उरलेला तुकडा त्या दिवशी गेला. तिला परत ठेवलं, ती परत चढली. वर जाळी बसवली तर दादांना ती उचलून दाणे टाकता येईनात, पोटावर ताण यायचा.

“आता तूच सांग घाशा,” ताई म्हणाल्या, “जिथे मार खायचा तिथेच कशाला जाते ही? तिकडे काय ठेवलंय तिचं?”

मी हात टेकले होते. अ‍ॅक्वेरियमवाल्यानेही टेकले. म्हणाला, “वेगळं ठेवा. दुसरा इलाज नाही.”

मग तिला बिस्किटांच्या बरणीत हलवलं. बरणी टाकीशेजारी, दादांच्या हाताशी. गोगलगाय घाण फार करते, बरणीतलं पाणी रोज बदलावं लागायचं. भरलेली बरणी दादांना उचलणं शक्य नव्हतं, म्हणून तेही ताईंच्याच गळ्यात. सकाळी नळी, मग बरणी, मग काम. दुपारी नळी. संध्याकाळी नळी, टाकी, बरणी. त्यांच्या बोटांना पाण्याने चिरा पडल्या. पण गाय खात होती. बरणीवर जाळीचा तुकडा रबराने बांधलेला असायचा आणि चकती टाकायला दादा तो सोडायचे. रबर घट्ट असायचं, तरी सोडायचे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ. ताई दादांना दुपारचं देऊन नुकत्याच परत आल्या होत्या. फोन वाजला, मी घेतला. पलीकडून कोणी बोलेना. नुसता घासल्यासारखा श्वास.

“हॅलो? कोण बोलतंय? हॅलो?” मी ताईंकडे वळून म्हणालो, “कोणी बोलतच नाही.”

ताईंच्या हातातला साचा खाली पडून दुभंगला. “दादा आहे तो,” असं म्हणून त्या एप्रनसकट धावत सुटल्या. मी मागे.

दार उघडलं तेव्हा दादा जमिनीवर बसले होते. पाठ पलंगाला टेकलेली, पाय पसरलेले, एका हातात फोन, आणि दुसरा हात द्रोणासारखा छातीशी धरलेला. त्या हातात गाय. जाळी सोडून ते चकती आणायला वळले होते. तेवढ्यात ती काठावर आली, कड ओलांडली आणि टेबलावरून फरशीवर आपटली. ती फरशीवर पडलेली पाहून दादा खाली वाकले, वाकता येईना म्हणून खाली बसले, आणि बसल्यावर त्यांना उठता येईना. त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. त्या हाका त्या खोलीच्या दारापर्यंतही गेल्या नसतील. मग फोनची वायर ओढून फोन खाली पाडला.

“ओली ठेवली मी तिला,” ते ताईंना सांगत होते. “थुंकी लावून. दुसरं काही नव्हतं हाताशी.”

आम्ही दोघांनी त्यांना खाकेत हात घालून उचललं. नळी सुटली नव्हती, एवढं नशीब. गायीच्या शंखाला मात्र मोठी भेग गेली होती आणि एक टवका उडून आतलं मांस दिसत होतं.

दादांनी ओंजळ ताईंपुढे केली. “तू जोडतेस ना. रोज जोडतेस. कवळी तुटली की जोडून देतेस लोकांना.”

खरंच होतं ते. तुटलेल्या कवळीचे दोन तुकडे ताईंच्या हातात दिले तर जोड कुठे होता हे मला घासतानाही सापडायचं नाही. ताईंनी शंख हातात घेतला, उजेडाकडे धरला, बोट फिरवलं. जोडायचं ते रसायन इतकं जहाल असतं की वासाने आमचेच डोळे चुरचुरतात. ते त्या उघड्या मांसाजवळ न्यायचं म्हणजे तिला मारायचंच.

“हे नाही जोडता येत, दादा,” त्या म्हणाल्या.

“प्रयत्न तर कर.”

“नाही येत रे.”

 ताईंनी उथळ भांड्यात पाणी घेऊन गायीला त्यात ठेवलं, जवळ पालकाचं शिजवलेलं पान ठेवलं. मी अ‍ॅक्वेरियमवाल्याला बोलावून आणलं. त्याने पाहिलं, तोंडाने ‘च्च’ केलं आणि म्हणाला, “बघू, कधीकधी भरून येतं.” जिन्यात मला म्हणाला, “नाही भरून यायचं.”

ती काही दिवस तशीच राहिली. मऊ पाऊल अर्धं बाहेर, झाकण उघडं. पान रोज बदललं जात होतं. आता तिला कोणी त्रास देणारं नव्हतं, खायला तोंडापाशी होतं, पण ती खात नव्हती. दादांनी बोटाने पान तिच्या तोंडाला लावून पाहिलं. एके सकाळी भांड्यातून इतकी दुर्गंधी आली की सांगायची गरज उरली नाही. ताईंनी तिला खालच्या कुंडीत पुरलं. दादा खिडकीतून बघत होते.

बेट्याला मात्र काही झालं नाही. त्याचं पोट उतरलं, रंग उजळला. सगळी टाकी त्याचीच झाली. खुर्चीजवळ हालचाल दिसली की वर येऊन तोंड उघडायचा. दादांनी खुर्ची दुसऱ्या खिडकीशी नेली होती. ताई सकाळी दाणे त्यांच्या हातावर ठेवायच्या, संध्याकाळी ते टेबलावर तसेच सापडायचे.

“त्याची काय चूक रे दादा?” त्या एकदा म्हणाल्या. “तो तर मासा आहे.”

“चूक कुठे म्हणतोय मी,” दादा म्हणाले. “त्याला घेऊन जा इथून. कुणी खाताना दिसलं की मला सहन होत नाही.”

ताई मला म्हणाल्या, हे दादांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. इतके महिने त्या दार लोटून जेवत होत्या, पण दादांनी ते तोंडातून कधी काढलं नव्हतं.

मी आणि अ‍ॅक्वेरियमवाला जाऊन टाकी घेऊन आलो. आता ती लॅबमध्ये साच्यांच्या फळीवर असते, खिडकीच्या उजेडात. दाणे ताईच टाकतात, मोजून. आमच्यापैकी कोणी टाकायला गेलं तर डबी हातातून काढून घेतात. बेट्या सगळ्यांकडेच उपाशी असल्यासारखा बघतो. नवीन माणूस आला की हमखास म्हणतो, याला काही घातलं नाही का आज?

दादा आहेत. नळी आहे. मी जातो, बसतो. ते रस्त्याकडे बघत असतात, मी बेकरीच्या गोष्टी काढतो, ते ऐकतात, कधी मान हलवतात. माशाचं त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

दुपारी ठरल्या वेळी ताई उठतात, हात धुतात, एप्रन खुंटीला अडकवतात. काल त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, “दादा काय म्हणतात?”

“काही नाही म्हणत,” त्या म्हणाल्या. पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरल्या.